वेदना आणि संमोहन

आषाढांत मावळांत भाताची लावणी सुरू होते. तळेगांव-दाभाड्याशेजारच्या वराळे गांवची एखादी प्रौढ शेतकरीण श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. चिखलांत ती दिवसभर ओणवी असते. बरोबरीच्या बायकांचीं गाणीं आणि थट्टामस्करी चालू असेपर्यंत पाठीची कळ तिला फारशी जाणवत नाहीं. रात्रीं अंथरुणाला पाठ टेकली आणि घर सामसूम झालें कीं तीच कळ असह्य होते. पाठ तीच, पालटलें तें मनाचें अवधान. संमोहनाचें मर्म या रोजच्या अनुभवांत आहे.

संमोहन म्हटलें कीं पुष्कळांना रंगभूमीवरचा जादूगार आठवतो. या समजुतीला इतिहासही कारण आहे. अठराव्या शतकांत फ्रांझ मेस्मर या वैद्यानें, एक सूक्ष्म चुंबकशक्ति रोग्याच्या देहांत खेळवितां येते, असें प्रतिपादन केलें. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें नेमलेल्या मंडळानें अशी शक्ति आढळत नाहीं, दिसतो तो कल्पनेचा प्रभाव, असा निर्णय दिला. लाव्हाझिए व बेंजामिन फ्रँकलिन या मंडळांत होते.

साठ वर्षांनीं या कल्पनेच्या प्रभावाची कसोटी हिंदुस्थानांतच लागली. हुगळी येथील शल्यवैद्य जेम्स एस्डेल यानें १८४५ च्या एप्रिलांत मेस्मरच्या पद्धतीचा अवलंब करून एका कैद्यावर शस्त्रक्रिया केली. भूल देण्याचें खात्रीचें औषध तेव्हां नव्हतें; रोग्यास धरून ठेवावयाचें आणि शक्य तितक्या चपळाईनें काम उरकावयाचें, हीच रीत. एस्डेलचे साहाय्यक रोग्याच्या अंगालगत बराच वेळ हात फिरवीत. १८४६ सालीं सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें. त्यापुढें कांहीं रोगी निश्चल राहिले; कांहींची तळमळ दिसली, तरी जागे झाल्यावर त्यांनीं वेदना झाल्याचें नाकारलें. कलकत्त्यास या पद्धतीचें रुग्णालयही निघालें. पण त्याच वर्षीं अमेरिकेंत बॉस्टन येथें ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला. ईथर कांहीं मिनिटांत आणि बहुतेक सर्वांवर चाले. संमोहनाला वेळ लागे, आणि त्याचा गुण प्रत्येकास सारखा येत नसे. ईथरची सरशी झाली ती न्याय्यच होती.

परंतु भूल ही शस्त्रक्रियेच्या घटकेपुरती. वर्षानुवर्षें कंबर दुखणाऱ्या माणसाला शुद्धींत राहून संसार करावयाचा असतो. तेथें संमोहनाचा विचार पुन्हां पुढें येतो. १९५५ सालीं ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें प्रसूति व शस्त्रक्रिया यांतील वेदनाशमनासाठीं त्याचा उपयोग मान्य केला. १९९७ सालीं माँट्रियल येथील संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. संमोहित माणसांचा हात कढत पाण्यांत ठेवून, त्रास वाढत आहे अथवा कमी होत आहे, अशा सूचना त्यांना दिल्या. पाण्याची उष्णता तीच असतां, मेंदूंतील क्लेशाशीं संबंधित भागाचें कार्य सूचनेप्रमाणें कमीअधिक झालें; संवेदनेची नोंद घेणाऱ्या भागांत तसा पालट दिसला नाहीं. म्हणजे वेदनेला दोन पदर आहेत: एक देहाचा इशारा, दुसरा मनाची तडफड. हा दुसरा पदर शब्दांनीं सैल होऊं शकतो.

प्रत्यक्ष कृति साधी आहे. रोगी स्वस्थ पडून दृष्टि एका बिंदूवर ठेवतो. चिकित्सक संथ स्वरानें त्याचें लक्ष श्वासाकडे आणि सैल होणाऱ्या अवयवांकडे वळवितो. मग आपला हात इंद्रायणीच्या थंड पाण्यांत बुडाला असून बधिर होत आहे, अशी कल्पना करावयास सांगतो. आणि तोच हात दुखऱ्या गुडघ्यावर ठेववून बधिरता तेथें उतरत असल्याचें सुचवितो. रोगी झोपलेला नसतो, परस्वाधीनही नसतो. पुढें हीच कृति तो घरीं स्वतः करूं लागतो, तें आत्मसंमोहन.

याच मावळांत, लोणावळ्यास, १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय परीक्षा आरंभिली. शवासन म्हणजे संमोहन नव्हे. तरी अवधान आवरणें आणि स्नायू सैल सोडणें हें दोहोंतही आहे. म्हणून मराठी घराला ही रीत अगदींच परकी वाटूं नये.

मात्र एक पथ्य कटाक्षानें पाळावयास हवें. वेदना ही देहाची राखणदार आहे. छातींत अकस्मात् उठलेली कळ किंवा पोटांतील वाढता शूळ सूचनेनें गप्प करणें म्हणजे चोर शिरला असतां भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधणें होय. आधीं डॉक्टरांकडून निदान व्हावें, चालू औषधें परभारें सोडूं नयेत, गंभीर मनोविकार असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्यावांचून या वाटेस जाऊं नये. एका बैठकींत कायमचें बरें करण्याची हमी देणाऱ्यापासून तर दूरच राहावें.

वराळ्याच्या त्या शेतकरणीची पाठ संमोहनानें नवी होणार नाहीं, आणि उद्यांची लावणीही टळणार नाहीं. पण दिवसा गाण्यानें जें नकळत साधलें, तें रात्रीं जाणून साधावयास ती शिकूं शकेल. आणि ठणका पुरता गेला नसतांही तिचा डोळा लागेल.