अमावास्येच्या रात्रीची साधना
(देवरी, जि. गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



अमावास्येला शुभकार्य टाळण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु याच देशात असे काही साधक आहेत, जे अमावास्येच्या काळोखाची वाट पाहतात. ते विश्वकिरणांचे अभ्यासक आहेत.

अंतराळातून पृथ्वीवर सूक्ष्म कणांचा अखंड वर्षाव होत असतो. १९१२ साली व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून उंच जाऊन त्याचा शोध लावला. हे कण मुख्यतः प्रोटॉन असून बहुतांशी आपल्या आकाशगंगेतूनच येतात. परंतु ते विद्युतभारित असल्याने चुंबकीय क्षेत्रांत त्यांची वाट सतत वळत राहते. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. विश्वकिरणांचे मूळ तर शोधू म्हटले तरी सापडत नाही.

मग साक्ष काढायची कोणाची? प्रकाशाची. हे कण ताऱ्यांमधील वायूवर आदळले की त्यातून पायॉन नावाचे अल्पजीवी कण उत्पन्न होतात आणि त्यांपैकी विद्युतभार नसलेल्यांपासून गॅमा किरण निघतात. गॅमा किरण वाटेत वळत नाही; तो थेट उगमाकडे बोट दाखवतो. २०१३ साली ‘फर्मी’ उपग्रहाच्या निरीक्षणांतून दोन अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत पायॉनांची ही खूण स्पष्ट मिळाली.

अतिशय ऊर्जावान गॅमा किरण वातावरणात शिरला की कणांची सरच कोसळते. एकातून अनेक कण कसे निर्माण होतात, याचा सिद्धांत डॉ. होमी भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ सालीच मांडला होता. हवेत प्रकाशाला जो वेग असतो, त्याहूनही वेगाने धावणारे हे कण निळसर चमक सोडतात. तिला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. ती सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरतीच टिकते. डोळ्यांना दिसत नाही, आणि चांदणे असेल तर यंत्रालाही टिपणे कठीण. विश्वकिरणही वातावरणात अशीच चमक निर्माण करतात. प्रतिमेच्या आकारावरून दोहोंत नीरक्षीरविवेक करावा लागतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ही साधना उटीला आरंभिली आणि आपल्या शेजारच्या सातपुड्यात, पचमढीला पुढे नेली. भाभा अणुसंशोधन केंद्राने अबूच्या पहाडावर दुर्बीण उभारली. त्याच केंद्राने भारतीय उद्योगांच्या साहाय्याने लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण बांधली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान अवश्य असावा. परंतु तो सांगण्याचा अधिकार अशा तपानेच टिकतो.

देवरीच्या रानात अजून काळोख शिल्लक आहे. येत्या अमावास्येला अंगणातले दिवे घटकाभर मालवा आणि मुलांना आकाशगंगा दाखवा. निळी चमक त्यांना दिसणार नाही. पण प्रश्न पडेल. त्या प्रश्नाला ‘पुढे कळेल’ म्हणून गप्प करू नका. उद्याचा साधक कदाचित त्याच अंगणात उभा असेल.