संगणक उठत नाही तेव्हा



जून महिन्यातली गोष्ट सांगतो. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि पाऊसही लागला होता. आम्ही राहतो कोपरखैरण्याला. संध्याकाळी आमच्या शेजारच्या शिक्षिकाबाई ठाण्याच्या लोकलमधून उतरल्या त्या जुन्या चादरीत बांधलेले एक जड गाठोडे काखेत घेऊन. त्यांची शाळा पनवेल तालुक्यातल्या एका गावी. गाठोड्यात काय, तर शाळेचा संगणक, म्हणजे आपण ज्याला सरसकट सीपीयू म्हणतो तो डबा.

"काका, जरा बघता का हो? मे महिनाभर बंद होता, आता चालूच होत नाही. दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल. आणि जनरल रजिस्टरच्या आठ वर्षांच्या याद्या यातच आहेत. दुसरी प्रत नाही."

आता पहा, डिस्क जर खरोखर गेली असेल, तर फॉरमॅट कशाला मारायचा? आणि ती शाबूत असेल, तर फॉरमॅटने तिच्यावरचे सगळे पुसायचे कशासाठी? असा सल्ला कोणी दिला की तो डबा उचलून घरी आणावा, हे बरे.

मी डबा पडद्याला जोडला. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: 'नो बूटेबल डिव्हाइस'. ही ओळ वाचून पुष्कळ जण घाबरतात. पण तिचा अर्थ एवढाच, की जिथून कामाला सुरुवात करायची ती जागा यंत्राला सापडली नाही. जागा नष्ट झाली असे ती म्हणत नाही.

हे समजण्यासाठी गावचा कोतवाल डोळ्यांपुढे आणा. बटण दाबले की प्रथम जागा होतो तो मुख्य पाटीवरचा एक छोटा प्रोग्राम. हा आपला कोतवाल. तो आधी घरची झडती घेतो: स्मृती ठीक आहे ना, कळफलक आहे ना. मग पाटलाला उठवायला निघतो. पाटील म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. त्याचा मुक्काम हार्ड डिस्कवर. कुठल्या दारी आधी जायचे आणि कोणत्या पद्धतीने हाक मारायची, याची चिठ्ठी कोतवालाजवळ असते. जुन्या पद्धतीत तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खणात पाहतो. नव्या पद्धतीत, जिला यूईएफआय म्हणतात, डिस्कवर राखून ठेवलेल्या एका लहान विभागात.

तेव्हा प्रथम पाहावे ते हे, की कोतवाल भलत्याच दारी तर गेला नाही ना? एखादा पेनड्राइव्ह मागे टोचलेला राहिला असेल तर काढा आणि पुन्हा चालू करा. हसू नका, कित्येकदा दुखणे एवढेच असते.

बाईंच्या डब्याला काही टोचलेले नव्हते. मग मी चालू करतानाच कळ दाबून कोतवालाची वही उघडली. काही यंत्रांत एफ-२, काहींत डिलीट अशी ती कळ असते. वहीत तारीख होती कितीतरी वर्षांमागची! इथे चोर सापडला. जुन्या यंत्रांत ती चिठ्ठी आणि घड्याळ जिवंत ठेवते ती रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी, तीन व्होल्टची. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. भिंतीतली वीज असेतो तिच्यावर भार नसतो. महिनाभर प्लग काढून ठेवला, बॅटरी आधीच थकलेली होती, ती संपली. चिठ्ठी पुसली गेली आणि कोतवाल कारखान्यातून शिकवलेल्या पद्धतीने हाक मारू लागला. डिस्कवर पाटील होते जुन्या पद्धतीचे. ते कशाला ओ देतील?

त्याच वहीत डिस्कचे नाव मात्र स्पष्ट दिसत होते. हे महत्त्वाचे. नाव दिसले तर डिस्क बहुधा जिवंत आहे. नाव नसेल तर भिंतीतला प्लग काढावा, डबा उघडून डिस्कच्या दोन्ही वायरी, विजेची आणि माहितीची, काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. आमच्याकडे खाडीची दमट हवा, खाचा गंजतात.

पण शिक्षकबंधूंनो, एक आवाज मात्र ओळखायला शिका. डिस्कमधून टक्, टक्, टक् असे ठराविक अंतराने ऐकू आले, तर यंत्र ताबडतोब बंद करा. आत तबकडी मिनिटाला पाच ते सात हजार फेरे घेत असते आणि वाचणारे टोक तिच्यावरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतराने तरंगत असते. ते बिघडल्यावर "पुन्हा एकदा चालू करून पाहू" म्हणणे म्हणजे उरलेली अक्षरे खरवडणे होय. तिथे आपली विद्या संपते. मजकूर मोलाचा असेल तर तो काढून देणाऱ्या जाणत्याकडेच जावे. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्या पन्नास तबकड्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत आणि तिचे वजन टनाच्या घरात होते. आज ती तळहातावर मावते, पण नाजूकपणा गेलेला नाही.

बाईंच्या डिस्कचा असा आवाज नव्हता. तरी मी दुरुस्तीला हात घातला नाही. उबुंटू भरलेल्या पेनड्राइव्हवरून यंत्र उठवले. यात डिस्कवर काही लिहिले जात नाही. मात्र पडद्यावर 'इन्स्टॉल' दिसेल, ते न निवडता 'ट्राय' निवडायचे. याद्या समोर उघडल्या तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या खुर्चीत टेकल्या. दोन वेगळ्या पेनड्राइव्हांवर प्रती घेतल्या. मग नवी बॅटरी घातली, तारीख लावली, हाक मारण्याची पद्धत जुनी केली, आणि विंडोज उठले.

नव्या लॅपटॉपवर ही वही बदलण्याआधी थांबा. त्यात डिस्क कुलूपबंद असू शकते आणि वही बदलताच अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली जाते. ती आधी शोधून कागदावर उतरवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पनवेलच्या गाडीला निघाल्या. गाठोडे काखेत, एक पेनड्राइव्ह पर्समध्ये, दुसरा आमच्या कपाटात. जाताजाता म्हणाल्या, "काका, बॅटरीची पावती द्या बरं का, सादिलमध्ये टाकते."