नापोलीचा डोंगरातला जुलै



इटलीच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या नेपल्स शहरात जुलैचं ऊन अंगाची लाही करतं. ‘सेरी आ’ ही इटलीतली अव्वल फुटबॉल साखळी ऑगस्टमध्ये सुरू होते, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच खेळाडूंना घाम गाळावा लागतो. म्हणून नेपल्सचा नापोली क्लब २०११ मध्ये दूर उत्तरेला, आल्प्सच्या कुशीतल्या दिमारो गावी सराव शिबिरासाठी गेला आणि पुढे तिथे जायची रीतच पडली.

दिमारोची उंची जेमतेम साडेसातशे मीटरच्या आसपास. खूप उंचावर राहिल्याने वाढतात तशा रक्तातल्या तांबड्या पेशी एवढ्याने वाढत नाहीत. त्यासाठी साधारण दोन हजार मीटरवर काही आठवडे राहावं लागतं. इथे कामी येतो तो गारवा. दिवसातून दोनदा सराव करूनही शरीर लवकर सावरतं.

पण मला याहून मोलाचं वाटतं ते एकत्र राहणं. सुट्टीहून परतलेले, नव्याने विकत घेतलेले, वेगवेगळ्या भाषा बोलणारे खेळाडू इथे एकाच पंगतीला जेवतात. बचावफळीतली आपसातली समज फळ्यावरच्या आकृत्यांनी येत नाही, ती अशा सहवासातूनच येते.

चाहतेही मागोमाग येतात, गावातली हॉटेलं भरतात. त्यामुळे अशी शिबिरं आपल्याकडे व्हावीत म्हणून इटलीतले प्रांत क्लबांशी करार करतात. २०२० पासून नापोली अब्रुत्सो प्रांतातल्या कास्तेल दी सांग्रो इथेही शिबिर घेऊ लागला. तेही डोंगरातलंच, पण नेपल्सच्या चाहत्यांना कितीतरी जवळ.