कॅलरी मोजण्याआधी

“कमी खा, भरपूर चाला.” वजन उतरवू पाहणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा नक्कीच आहे.

अमेरिकेत बेथेस्डा इथं संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 जणांना चार आठवडे संशोधन रुग्णालयात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं, ताजं रांधलेलं. समोर वाढलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतुमय घटक दोन्हीकडे जवळपास सारखेच. खायचं मात्र मनाला येईल तितकं. निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. कारखानी अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि वजन सरासरी जवळपास एक किलोनं वाढलं. ताज्या जेवणावर साधारण तेवढंच उतरलं, तेही कुणाला उपाशी न ठेवता!

कारखानी अन्न ही माणसं भराभर संपवत होती. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तोवर चार घास जास्त गेलेले असतात. म्हणून वजन वाढलं की सगळा दोष माणसाच्या इच्छाशक्तीला देणं अन्यायाचं आहे.

प्रयोग लहान होता, काळही थोडा. तरी श्रोतेहो, भूक मारण्याआधी घरातल्या फडताळावर नजर टाका: बिस्किटं, वेफर्स, झटपट नूडल्स किती, ज्वारी, मटकी, पालेभाजी किती? मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा.