क्रूसावरचा आजारी येशू

सप्टेंबरात हरेगावला मतमाऊलीची यात्रा भरते. आपल्या भागातल्या सगळ्या धर्मांच्या बाया तिथं जातात. परतल्यावर गटाच्या बैठकीत प्रश्न निघतोच. कुठल्या चर्चमध्ये नुसता क्रूस, तर कुठं त्यावर खिळलेला येशू, असं का? आणि देवाला एवढ्या वेदनेत कशाला दाखवायचं? आम्ही थोडं वाचलं, ते सांगतो.

प्रोटेस्टंट मंडळी बहुधा रिकामा क्रूस ठेवतात; येशू मरणातून उठला, हे त्यातून सांगायचं असतं. कॅथलिक चर्चमध्ये क्रूस देहासकट असतो. क्रूसावर टांगणं ही रोमन राजवटीत गुलामांची, बंडखोरांची शिक्षा. मराठी ख्रिस्ती माणसं क्रूसाला वधस्तंभ म्हणतात, त्यात सगळं आलं. अशा लाजिरवाण्या मरणाचं चित्र काढायला सुरुवातीची काही शतकं कुणी फारसं धजलं नाही. पुढं काढलं तेही बहुधा डोळे उघडे, देह ताठ. मान टाकलेला येशू नंतर आला. जर्मनीत कोलोनच्या चर्चमध्ये सुमारे 970 सालचा मोठा लाकडी क्रूस आहे, त्यावर तो तसा आहे.

पण आम्हाला खरं सांगायचंय ते एका चित्राबद्दल. माथियास ग्र्युनेवाल्ड या चित्रकारानं ते 1512 ते 1516 च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी काढलं. आता ते फ्रान्समध्ये कोलमारच्या संग्रहालयात आहे. त्या मठातले साधू अंगाची आग होणाऱ्या, हातपाय काळे पडून झडणाऱ्या रोग्यांची सेवा करत. राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीनं हा रोग व्हायचा, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. गरिबाची भाकरीच त्याला खायची. आपल्या बाजरीवर अरगट पडतो ना, तो त्याच जातीच्या बुरशीचा. म्हणून तर पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेलं काढून टाकायचं, तेवढं विसरू नका.

तर त्या चित्रातल्या येशूचं अंग हिरवट पडलंय, अंगभर फोड, कातडीत काटे रुतलेले, बोटं वेदनेनं वाकडी. पायाशी मरीया मग्दालीया हात पिळतेय. पांढऱ्या वस्त्रातली आई कोसळतेय, तिला योहानानं धरलंय. मोबाइलवर फोटो पाहून आमच्यातल्या एकीनं तोंड फिरवलं. दुसरी म्हणाली, “आपल्याकडं अंगावर चट्टा उठला की बाईचं ताट वेगळं करतात. इथं तर देवाच्याच अंगावर आहेत.” मठात आलेल्या रोग्यांना या चित्रापुढं आणत, असं अभ्यासक सांगतात. आपलंच दुखणं त्यांना तिथं दिसत असणार.

या चित्राला दारं आहेत. सणावाराला ती उघडत. आत कबरीतून उठलेला येशू, कांती स्वच्छ, फक्त जखमांच्या खुणा उरलेल्या. एरवी दारं मिटलेली, आणि बाहेर तो फोडांचा येशू.