पहिल्या पट्ट्याची परीक्षा



मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर आमच्या गटातल्या एका ताईनं हळूच विचारलं, "पोरीची कराटेच्या पट्ट्याची परीक्षा आहे. रात्रीची झोपत नाही ती. तिथं मारतात का गो?" मी हसले नाही. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता, आणि परीक्षा तर माझी स्वतःची होती. मुलीला क्लासला सोडायचं आणि तासभर बाकावर बसून राहायचं, असं चाललं होतं. एक दिवस शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "नुसत्या बसता कशाला? उभ्या राहा." तेव्हा माझं वय ३९. वाडीत चर्चा झालीच, "ह्या वयात काय ही थेरं!"

आता आपल्या पुष्कळ मुलींपर्यंत कराटे शाळेतूनच पोचतं. समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. त्यात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने शिकवतात. पुढे ज्यांना गोडी लागते त्या खासगी क्लासला जातात, आणि तिथं पट्ट्यांच्या परीक्षा सुरू होतात. कराटे मूळचं जपानच्या ओकिनावा बेटांवरचं. गिचिन फुनाकोशी या गुरुजींनी १९२२ साली ते टोकियोत करून दाखवलं आणि मग ते जगभर गेलं. पट्ट्यांची पद्धत ज्युदोतून आली. सुरुवात पांढऱ्यानं होते, पुढचा पट्टा बहुतेक क्लासांत पिवळा असतो.

मारतात का, याचं उत्तर आधी देते. पहिल्या परीक्षेत कुणी कुणाला मारत नाही. समोर जोडीदार असतो, पण तो कुठं ठोसा मारणार हे आधी मोठ्यानं सांगतो. 'जोदान' म्हटलं की तोंडाकडे, 'चुदान' म्हटलं की पोटाकडे. तो पाच पावलं पुढं येत पाच ठोसे मारतो, तुम्ही पाच पावलं मागं जात अडवता, आणि शेवटी एक ठोसा उलट द्यायचा. तोही अंगाला लागायच्या आत थांबवायचा. हाताला हात आपटून थोडं लाल होतं, तेवढंच. लाकूडतोडीत याहून जास्त लागतं.

त्याआधी दोन भाग असतात. पहिल्यात रांगेत उभं राहून ठोसे, अडवणं, लाथ, असं एकेक करून दाखवायचं. गुडघा पुरेसा वाकलाय का, मागचा पाय सरळ आहे का, दुसरा हात कमरेशी परत येतो का, हे परीक्षक बघतात. जोर किती आहे याला या टप्प्यावर फारसं महत्त्व नसतं. आकडे जपानी असतात: इची, नी, सान, शी, गो. हा 'गो' आला की आमच्यातल्या बायका पहिले काही दिवस "काय गो?" म्हणून वळून बघायच्या. 'हाजिमे' म्हणजे सुरू करा, 'यामे' म्हणजे थांबा, 'रेई' म्हणजे वाका. एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते.

दुसरा भाग काताचा. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची माळ, समोर कुणी नसताना करायची. शोतोकान पद्धतीत पहिला काता साधारणपणे हेआन शोदान असतो. त्यात २१ हालचाली आहेत, आणि सगळं एका मिनिटाच्या आत संपतं. जिथून निघालात तिथंच परत यायचं असतं. हातभर पुढंमागं झालं तर कुठंतरी पाऊल लहान-मोठं पडलं, हे तुम्हालाच कळतं. मधेच विसरलं तर शेजारणीकडे बघू नका. ती चुकत असेल तर दोघी चुकाल. क्षणभर थांबा, श्वास घ्या, आठवेल तिथून पुढं चला. सुरुवातीच्या परीक्षेत एक चूक सहसा सोडून देतात. रडून बाजूला गेलेली मुलगी मात्र त्यांना पुढं ढकलता येत नाही.

आता आपल्या बायकांच्या गोष्टी. त्या क्लासमध्ये कुणी नीट सांगत नाही.

बांगड्या, पैंजण, जोडवी, कानातलं काढावं लागतं. मंगळसूत्रही. यावरून माझ्या घरी दोन दिवस अबोला होता. शेवटी मी ते रुमालात बांधून सासूबाईंच्याच हातात दिलं. त्या परीक्षेला आल्या, आणि रुमाल मुठीत धरून पूर्ण वेळ बसून राहिल्या. पाळीच्या तारखेला परीक्षा आली तर रद्द करायची गरज नाही, पोटात फार दुखत नसेल तर. पांढऱ्या पँटीच्या आत गडद रंगाची घट्ट चड्डी घालायची आणि शिकवणाऱ्या बाईंच्या कानावर घालायचं. दमा असेल तर पंप बरोबर ठेवा आणि आधी सांगा. पावसाळ्यात तो जाड गणवेश दोन दिवस वाळत नाही, तेव्हा शुक्रवारीच धुवा. पट्टा धुतला तर विद्या जाते असं काहीजण सांगतात. आपल्या कोकणात न धुता ठेवलात तर विद्येआधी बुरशी येईल.

मुलीला उभं राहणं शिकवताना हातपाय धरून सरळ करतात. ते सगळ्यांसमोर व्हायला हवं, आणि नको वाटलं तर "नको" म्हणायची मुभा तिला हवी. पालकांना एकदाही आत बसू न देणारा क्लास मला पटत नाही. फी भरताना त्यात पट्टा आणि प्रमाणपत्र धरलंय का, नापास झाल्यास पुन्हा पूर्ण पैसे का, हे विचारून पावती घ्या. दहावीचे क्रीडा गुण मान्यताप्राप्त स्पर्धांसाठी असतात. पट्ट्याच्या प्रमाणपत्रावर ते मिळतील असं कुणी म्हणालं तर आधी शाळेत विचारा. आणि पिवळा पट्टा मिळाला म्हणून पोरीला अंधारात एकटी धाडू नका. तीन-चार महिन्यांत ती धट्ट्याकट्ट्या पुरुषाला आडवा करत नाही. हात सोडवून पळणं, ओरडणं, ११२ ला फोन लावणं, हे मात्र तिला जमायला लागतं.

ओरडण्यावरूनच माझं घोडं अडलं. कातात दोन ठिकाणी पोटातून मोठ्यानं आवाज काढायचा असतो. त्याला किआई म्हणतात. माझ्या सगळ्या हालचाली बरोबर आल्या, आणि आवाजाच्या जागी आवंढा आला. परीक्षक बाई म्हणाल्या, "ताई, काही ऐकू आलं नाही. पुन्हा." दुसऱ्यांदाही तेच. सासरी आल्यापासून अठरा वर्षं हळू बोलायची सवय, ती चटईवर पाय ठेवल्याबरोबर कशी जाणार? माझी मुलगी पास झाली, मला महिन्यानं परत बोलावलं.

मग मी रोज संध्याकाळी सड्यावर जायचे. तिथं वाऱ्याशिवाय कुणी नसतं. पहिल्या दिवशी खोकल्यासारखा आवाज निघाला. आठवड्यानं कुणाची तरी म्हैस दावं ओढायला लागली, तेव्हा कळलं की जमतंय. फेरपरीक्षेला सासूबाई परत आल्या होत्या. माझा आवाज ऐकून दचकल्या आणि त्यांच्या हातातला रुमाल खाली पडला. घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना मुलाला म्हणाल्या, "तुझी बायको ओरडते हो चांगली."

तर ज्या ताईची मुलगी येत्या रविवारी परीक्षेला बसतेय, तिनं सकाळी दोन तास आधी मऊ भात किंवा पेज द्यावी, घावण्यांचा ढीग नको. नखं कापलेली असू देत, केस रबरानं बांधा, पिना काढा. आणि शनिवारी एकदा तिला अंगणात ओरडून दाखवायला सांगा. शेजारी आले तर त्यांना चहा द्या.