चंदनाचे रोप विकत घेण्यापूर्वी



खानदेशातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत राहिलेल्या आपल्या घरांना टिश्यू कल्चर हा शब्द नवा नाही. जळगावच्या केळीने तो आपल्या कानी घातला. एका निवडक कोंबापासून बाटलीत हजारो सारखी रोपे, आणि लागवडीनंतर वर्षभरात घड हाती. उद्या कोणी अशीच चंदनाची रोपे घेऊन आला, तर गावाकडच्या पडीक जमिनीचा विचार मनात येणे साहजिक आहे. तेव्हा त्याला काय विचारावे, एवढेच आज सांगतो.

शास्त्र खरे आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील बापट आणि राव यांनी चंदनाच्या ऊतींपासून भ्रूण व रोपे तयार केली. ते काम १९७९ साली प्रसिद्ध झाले. साखर, क्षार आणि वाढद्रव्ये यांचे प्रमाण साधले, की पेशींच्या गोळ्यातून बीजातल्यासारखे भ्रूण उमटतात.

पहिला प्रश्न, ऊती कोणत्या झाडाच्या? कोवळ्या रोपाच्या ऊती बाटलीत सहज वाढतात, पण त्याच्या गाभ्यात पुढे तेल किती उतरेल हे तेव्हा कळत नाही. पारखलेल्या जुन्या झाडाच्या ऊती वाढवणे फार अवघड. शिवाय सगळी रोपे एकाच झाडाची असली, तर एक रोग साऱ्या बागेला पुरतो.

दुसरा प्रश्न, शेजार कोणता? चंदनाची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना बिलगून पाणी आणि क्षार घेतात. पिशवीत तूर, शेतात करंज किंवा सरू, असा सोबती नसेल तर उत्तम रोपही खुरटते.

तिसरा प्रश्न वर्षांचा. आपण सहाणेवर उगाळतो तो सुगंध गाभ्याचा. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला तो नसतो. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षे जातात, भरायला आणखी बरीच. प्रयोगशाळा रोपांची संख्या वाढवते. ही वर्षे कमी करत नाही. आणि गाभा भरला की चोराची नजरही त्यावर असते, तेव्हा राखण कोण करणार हेही आधी ठरवावे.

चंदन जरूर लावा. थोडे लावा, सोबत्यासह लावा, निरनिराळ्या झाडांची रोपे मिळवून लावा. फक्त मुलीच्या लग्नाचा खर्च त्यावर मांडू नका, नातवंडांसाठी लावा.